ब्रेकचा आवाज: आधी तो कधी येतो ते पाहा, मग चाक खोला

प्रश्न थोडक्यात असा: अंबाजोगाई-लातूर रोजचं जाणं-येणं. सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. दोन महिन्यांपूर्वी पुढचे पॅड बदलले. पंधरा दिवसांतच ब्रेक हळू दाबला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक "चीं" यायला लागलं. मेकॅनिकने पॅड काढून पॉलिश पेपर मारून दिला. आठवडाभर गप्प, मग पुन्हा तेच. आता एक जण म्हणतो डिस्क आणि पॅड दोन्ही टाका, दुसरा म्हणतो आवाज असतोच, लक्ष देऊ नका. त्यात गेल्या आठवड्यापासून ब्रेक न दाबताही मधूनच "खर्र" असं पत्रा घासल्यागत वाजतंय. गावात शिरताना दोन-तीन किलोमीटर कच्चा रस्ता आहे. खर्च करायचा का, आणि कशावर?

दोघांचंही लगेच ऐकू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला यात दोन वेगळ्या भानगडी दिसतात. "चीं"चा संशय कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, सरकत्या पिनांवर आहे आणि "खर्र"चा बहुतेक एखाद्या खड्यावर. पहिल्याला थोडं योग्य ग्रीस आणि तास-दीड तासाचं काम लागेल, दुसऱ्याला कदाचित नुसता स्क्रू ड्रायव्हर. डिस्क गेलेली असू शकते, नाही असं नाही, पण ते डिस्क मोजून ठरतं. आवाज ऐकून डिस्क बदलायला सांगणारा माणूस तुमच्या पैशावर अंदाज लावतोय.

लातूरला बरीच वर्षं गॅरेज चालवतोय. गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आधीच सांगतं, "मिस्त्री, ब्रेक ओरडायलेत, पॅड टाकून द्या." मी पाना घ्यायच्या आधी विचारतो: ब्रेक दाबल्यावर येतो का न दाबता? सकाळी पहिल्यांदा गाडी काढली की येतो, का चांगली तापल्यावर? सरळ जाताना का वळताना? रिव्हर्स घेताना येतो का? ब्रेकवर पाय ठेवला की बंद होतो का? या उत्तरांत अर्धं निदान होऊन जातं. उरलेलं अर्धं चाक खोलल्याशिवाय होत नाही, आणि ते तुमच्या समोर खोललेलं बरं.

आधी ज्यात काही करायची गरज नाही ते बाजूला काढू. रात्री पाऊस झाला किंवा गाडी धुऊन लावली की सकाळचे पहिले तीन-चार ब्रेक खरखरतात. डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, असते, उघडी असते, एका रात्रीत तांबूस गंज धरते. पॅडने तो पुसला की आवाज संपला. तसंच ओल्या गाडीला हँडब्रेक ओढून ठेवला तर मागचे लायनर (ड्रमच्या आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) ड्रमला चिकटतात आणि सकाळी गाडी हलवली की मागून "टक" करून सुटतात. धुतल्यावर गाडी जरा फिरवून, ब्रेक दोन-चारदा दाबून, सपाट जागेवर गिअरमध्ये उभी केली तर हे होत नाही. आणि खडीवर किंवा चिखलात जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरतं, "गर्रर्र" असं वाजतं, ते एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, काम करतंय. एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे तुमच्या गाडीलाही ते असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी घाबरून पाय उचलणारे लोक मी पाहिलेत. पाय उचलायचा नाही, दाबूनच धरायचा.

काही आवाजांचा ब्रेकशी संबंधच नसतो. स्पीड ब्रेकरवर चढता-उतरता "टक टक" होत असेल तर सस्पेन्शनचे सांधे बघा: लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश किंवा बॉल जॉइंट. वेग वाढला की वाढणारी घूं घूं, जी एका बाजूला वळताना मोठी आणि दुसऱ्या बाजूला वळताना कमी होते, ती चाकाच्या बेअरिंगची. अशा गाड्यांना पॅड बदलून आणलेले लोक येतात माझ्याकडे. पॅड नवे, आवाज जुनाच.

आता तुमची "चीं". ब्रेक दाबल्यावर पॅड डिस्कला धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, आणि हे सेकंदाला हजारापेक्षा जास्त वेळा होतं. शाळेत फळ्यावर खडू उभा धरला की किंचाळतो, तिरपा केला की गप्प बसतो, तसाच हा प्रकार. म्हणजे पॅड आणि डिस्क घासणं हा दोष नाही, ते त्यांचं कामच आहे. दोष आहे तो पॅडला थरथरायला मोकळी जागा मिळते हा. ती जागा कुठून मिळते ते शोधायचं. पॅडच्या पाठीमागची शिम (पातळ पत्रा) नसेल, पॅड ज्यात बसतो त्या ब्रॅकेटमधल्या क्लिपा गेल्या असतील, पॅड वाकडा झिजला असेल, पॅडचा चेहरा तापून काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, किंवा कॅलिपर मोकळा सरकत नसेल. पॉलिश पेपरने यातला फक्त गुळगुळीतपणा जातो. कारण तसंच राहिलं की पॅड पुन्हा तापतो, पुन्हा चकाकतो आणि आठ दिवसांत गाडी परत दारात. तुमच्याकडे हेच झालंय.

पिनांवर संशय का, ते नीट सांगतो, कारण आपल्याकडच्या धुळीत हा रोग सगळ्यात जास्त आहे आणि सगळ्यात कमी वेळा धरला जातो. छोट्या गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरला पिस्टन एकच असतो आणि तो आतल्या बाजूला असतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर ढकलतो. मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर आत सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कला लावतो. म्हणजे बाहेरचा पॅड काम करतो तो पिना मोकळ्या आहेत म्हणून. पाय काढल्यावर पिस्टनच्या भोवतीचं चौकोनी रबरी सील त्याला केसभर मागे ओढतं, बस्स. पॅड मागे खेचायला स्प्रिंग वगैरे काही नाही. अशात पिन अडकली की कॅलिपर पूर्ण सुटत नाही, पॅड डिस्कला घासत राहतो, तापतो आणि ओरडायला लागतो.

पिनेवर रबराचा छोटा बूट असतो. तो फाटला की धूळ आत, पावसाळ्यात पाणी आत, आणि ऊस सुरू झाला की ट्रॉल्यांच्या टायरांनी रस्त्यावर आणून टाकलेली काळी माती आत. ही माती ओली असताना चिकटते आणि वाळली की खरवडून काढावी लागते. अशी पिन बाहेर काढली की तिच्यावर तपकिरी, कडक थर बसलेला दिसतो, आणि ज्या भोकात ती सरकते तिथे एक बाजू चकाकते, दुसरी काळी पडलेली असते. बोटाने ढकलून सहज आत-बाहेर व्हायला पाहिजे ती पिन पकडीने पिळून काढावी लागते.

दुसरं कारण माणसाने केलेलं असतं. पॅड बदलताना मेकॅनिक पिनेला ग्रीस लावतो, हे चांगलंच. पण डब्यात असतं ते बेअरिंगचं ग्रीस. ते खनिज तेलापासून बनतं आणि ब्रेकमधल्या रबराला खनिज तेल चालत नाही, रबर फुगतं. बऱ्याच गाड्यांत दोनपैकी एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असतो. तो फुगला की पिन भोकात जाम होते. लावलं त्या दिवशी सगळं छान सरकतं, दोन-चार आठवड्यांनी अडकतं. तुमचा आवाज पॅड बदलल्यावर पंधरा दिवसांनी सुरू झाला, म्हणून मला हीच शंका जास्त येते. पिनेला सिलिकॉन ग्रीस लागतं, किंवा कंपनीने ब्रेकच्या रबरासाठी दिलेलं. छोटी पुडी मिळते, महाग नसते, मागून घ्या.

घरबसल्या एक तपासणी करा. लातूरहून येताना शेवटचे पाच-सहा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक वापरा आणि गाडी उभी केल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ तळहात न्या. रिमला हात लावू नका, डिस्कला तर नाहीच. एका बाजूची धग दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त जाणवली, किंवा जळका वास आला, तर ते चाक अडकतंय. त्या बाजूच्या रिमवर काळी भुकटीही जास्त बसलेली दिसेल. पेट्रोल पंपावर "ॲव्हरेज का कमी झालंय" हा प्रश्नही कधी कधी याच चाकात सुटतो.

आता चाक खोलल्यावर काय पाहायचं. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे. जॅकवर उचलल्यावर खाली स्टँड दिल्याशिवाय हात आत घालायचा नाही. गाडीसोबत येणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. चाक हाताने फिरवा. थोडं घासल्याचा आवाज चालतो. दोन हातांनी जोर लावून फिरवावं लागत असेल तर गाडी तिथेच उत्तर देतेय.

बरेच जण रिमच्या फटीतून मोबाईलचा टॉर्च मारून सांगतात, "पॅड अजून भरपूर आहेत." त्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. पिन अडकली की आधी झिजतो तो बहुतेक वेळा आतला. म्हणून कॅलिपर उघडून दोन्ही पॅड शेजारी ठेवून बघायचे. दोन्ही सारखे झिजले असतील तर पिना ठीक. आतला पातळ आणि बाहेरचा जाड असेल तर पिना किंवा पिस्टन. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, म्हणजे पाचरीसारखा झिजला असेल, तर दोनपैकी एकच पिन अडकलीय. तुमचे पॅड दोनच महिन्यांचे आहेत, फरक थोडाच असेल, पण दिसेल. व्हर्नियर लावून बघा.

पॅडच्या मसाल्याची, म्हणजे डिस्कवर घासणाऱ्या थराची, जाडी नवीन असताना साधारण 10 ते 12 मिलीमीटर असते. 3 मिलीमीटरवर आली की बदलायची. पॅडला एक छोटी लोखंडी जीभ असते, बऱ्याच गाड्यांत आतल्या पॅडला. मसाला 2 मिलीमीटरच्या आसपास आला की ती जीभ डिस्कला लागून किंचाळायला लागते. हा आवाज मुद्दाम ठेवलेला आहे. तुमचे पॅड नवे आहेत म्हणजे हा प्रकार नसावा, पण बसवताना जीभ वाकली असेल किंवा आतला-बाहेरचा पॅड अदलाबदल झाला असेल तर नव्या पॅडलाही ती वाजते. हे मी पाहिलंय, म्हणून सांगतो. बघायला अर्धा मिनिट लागतो.

शिम बघा. जुन्या पॅडच्या पाठीवर पातळ पत्र्याची, कधी रबराचा थर दिलेली, चकती असते. नवे पॅड बसवताना ती जुन्यांसोबत भंगारात जाते आणि बाजारातल्या स्वस्त पॅडसोबत नवी येत नाही. मग पॅडची पाठ थेट पिस्टनच्या कडेवर बसते, लोखंडावर लोखंड, मध्ये थरथर शोषणारं काही नाही. तुमच्या गाडीत शिम नसतील तर पिना साफ करूनही थोडा आवाज राहील. ब्रॅकेटमधल्या स्टीलच्या क्लिपाही तशाच. त्यांच्या खाली गंज साचला की पॅड घट्ट होतो, क्लिप नसली की पॅड खुळखुळतो. क्लिपा काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने साफ करायचा आणि पॅड बोटाने सरकेल असा बसवायचा. ठोकून बसवलेला पॅड पुढे त्रास देणार हे नक्की.

कॅलिपर उघडल्यावर तो ब्रेकच्या पायपावर लोंबकळत सोडू नका. तारेने वर स्प्रिंगला बांधा. रबरी पाइप आतून तुटतो आणि बाहेरून धडधाकट दिसतो. पिस्टन मागे ढकलायचा असेल तर सी-क्लॅम्पने सावकाश ढकला आणि एक डोळा बोनेटमधल्या ब्रेक ऑइलच्या टाकीवर ठेवा. मध्ये कुणी वरून ऑइल भरलं असेल तर ते उतू जातं आणि बोनेटखालचा रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. सगळं बसवून झाल्यावर, गाडी सुरू करून हलवायच्या आधी, पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दोन-तीन दाबांत पेडल थेट तळाला जातं. गॅरेजच्या दारातच समोरच्या गाडीला ठोकणाऱ्यांची गोष्ट प्रत्येक मेकॅनिककडे असते. ही खबरदारी साध्या कॅलिपरची. मागे डिस्क आणि बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाड्यांत पिस्टन क्लॅम्पने ढकलायला जाऊ नका, त्याला स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये घ्यावं लागतं.

पॅडच्या पाठीला, जिथे तो पिस्टनला आणि कॅलिपरच्या बोटांना टेकतो तिथे, ब्रेकचं खास ग्रीस अगदी पातळ लावायचं. चेहऱ्याला थेंबही नाही. ग्रीस किंवा ऑइल शोषलेला पॅड घासून, जाळून, पेट्रोलने धुऊन परत कामाचा होत नाही, तो फेकायचाच. ब्रेकची भुकटी हवेच्या पायपाने उडवायची सवय आपल्याकडे सगळीकडे आहे. ती सोडा. जुन्या लायनरमध्ये काय मिसळलंय ते कुणाला माहीत नसतं आणि ती भुकटी छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा किंवा ब्रेक क्लीनर मारा.

आता "खर्र". डिस्कच्या मागे एक पातळ पत्र्याची ताटली असते, धूळ-चिखल अडवायला. डिस्क आणि ती यांत काही मिलीमीटरची फट. मुरमाच्या किंवा खडीच्या रस्त्यावर एखादा खडा उडून त्या फटीत बसला की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पत्रा घासल्याचा आवाज येतो, अख्खी गाडी मोडतेय असं वाटावं इतका मोठा. ब्रेकशी त्याचा काही संबंध नसतो आणि कधी आपोआप थांबतो, कधी रिव्हर्स घेतल्यावर सुटतो. तुमचा मधूनच येतो, कच्चा रस्ता आहे, म्हणून पहिला अंदाज हाच. चाक काढून फटीत बघा, स्क्रू ड्रायव्हरने खडा काढा. खडा निघाला नाही तर ताटलीच आत वाकली असेल. ती हाताने वाकते, डिस्कपासून सगळीकडे सारखं अंतर येईल अशी मागे घ्या. काही जण कटकट नको म्हणून ही ताटली कापूनच टाकतात. तसं करू नका, पावसाळ्यात डिस्कचा आतला चेहरा आणि आतला पॅड चिखल खातो.

पण याच "खर्र"चा एक भाऊ आहे आणि तो धोक्याचा आहे. आवाज ब्रेक दाबल्यावर वाढत असेल, जाड आणि किरकिरा असेल, पेडलमध्ये खरखर जाणवत असेल, तर मसाला संपून पॅडची लोखंडी पाटी डिस्कवर घासतेय. अशा गाडीने लातूरला जाऊन येऊ असं म्हणू नका. जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापेक्षा मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी ओढून न्या. एका दिवसात पॅडच्या पैशात डिस्कचे पैसे मिळवले जातात, आणि घाटात असलात तर पैशाचा प्रश्नच राहत नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल, पेडल मऊ लागत असेल किंवा हळूहळू खाली जात असेल, तेव्हाही आवाज आहे का नाही याची वाट बघू नका.

डिस्कचं म्हणाल तर तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडीचा आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो, गंजाखाली दबलेला. फडक्याने पुसा, दिसेल. मोजताना एक फसगत होते. पॅड जिथे घासतो तिथे डिस्क झिजते आणि बाहेरच्या कडेला न झिजलेली धार राहते. व्हर्नियरचे जबडे त्या धारेवर टेकले की जाडी खरी आहे त्यापेक्षा जास्त येते. मायक्रोमीटर नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना माहीत असलेल्या जाडीचे दोन सपाट तुकडे ठेवा, सगळं मिळून मोजा आणि तुकड्यांची जाडी वजा करा. आकडा किमान जाडीच्या खाली असेल तर डिस्क बदला, आणि बदलायची तर दोन्ही बाजूंची जोडीने. वर असेल, पण नखाला अडकतील इतक्या खोल रेघा किंवा मोठी धार असेल, तर लेथवर हलका हात मारून घेता येतो. अट एकच, लेथ मारल्यावरही जाडी किमान आकड्याच्या वर राहिली पाहिजे. नवा पॅड जुन्या धारेवर चढून बसला तरी "चीं" येते, हेही तुमच्या गाडीत तपासा.

डिस्क "वाकली" हे मात्र फार सहज म्हटलं जातं. हायवेवर 80-90 च्या वेगात ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग हलतं, पेडल पायाला ठोके देतं, तेव्हा बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. कुठे पॅडचा मसाला डाग पडल्यासारखा बसलेला असतो, कुठे झीज जास्त. केज, नेकनूर करत बीडला जाताना मांजरसुंब्याचा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलात आणि खाली येऊन लाल तापलेल्या डिस्कवर पेडल दाबूनच उभे राहिलात, की असा डाग बसतो. घाट चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावा, ब्रेक सलग न घासता थोडा दाबून सोडावा. आणि खाली ढाब्यावर थांबल्या थांबल्या चाकांवर पाण्याचा पाइप धरू नये. ही सवय आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांत फार आहे.

स्टीअरिंग हलण्याचं दुसरं कारण पंक्चरच्या दुकानात मिळतं. लांब पाइप घालून, वर उभं राहून नट आवळले जातात, एक फार घट्ट, दुसरा कमी. डिस्क चाक आणि हब यांच्या मध्ये दाबलेली असते, ती जरा तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. नट समोरासमोरचे, आळीपाळीने, टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढे आवळायला सांगा. पान्याचा "कट" ऐकू आला की थांबायचं.

मागचे ड्रम थोडक्यात. तिथे धूळ आत गेली की बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे मागून येणारा आवाज बहुतेक वेळा साफसफाईचाच असतो. लायनरचा पत्रा मागच्या प्लेटवर जिथे टेकतो ते ठिपके कोरडे पडले की ब्रेक दाबताना-सोडताना करकर होते, तिथे चिमूटभर ब्रेक ग्रीस पुरतं. ड्रम निघत नाही म्हणून हातोडा चालवू नका. कित्येक गाड्यांच्या ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतात, त्यात योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने कसत गेलं की ड्रम स्वतःहून सुटून येतो. आत ओलं दिसलं तर व्हील सिलिंडर (लायनर ढकलणारा छोटा सिलिंडर) गळतोय. मग नुसती सफाई उपयोगाची नाही, सिलिंडर आणि दोन्ही बाजूंचे लायनर बदलायचे.

ब्रेक ऑइल आवाज करत नाही, पण चाक खोललंच आहे तर विचारून घ्या शेवटचं कधी बदललं. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेल्याची हीच मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. घाटात तापल्यावर त्याची वाफ होते आणि पेडल रिकामं जातं. दोन वर्षांनी बदलावं. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच, सीलबंद डब्यातलं. दुकानात अर्धवट उघडा पडलेला डबा फुकट मिळाला तरी नको.

आणि ज्या गोष्टी करूच नयेत: आवाज जावा म्हणून डिस्कवर ऑइल, डिझेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारणं. आवाज जातो, हे खरं. ब्रेकही जातो.

तुमच्या गाडीचं काम या क्रमाने सांगा. दोन्ही पुढची चाकं खोलायची, फक्त डावं नाही. ताटलीतला खडा आधी. मग कॅलिपर उघडून पॅड शेजारी ठेवून मोजायचे, पिना काढून, पुसून, भोकं साफ करून सिलिकॉन ग्रीसने परत. कुठली पिन वर होती आणि कुठली खाली ते आधीच खूण करून ठेवा, रबरी बुशवाली चुकीच्या जागी गेली तर पुन्हा तीच गत. बूट किंवा बुश फुगलेला, फाटलेला असेल तर पिनांचं किट नवं घ्या, तेही स्वस्तच येतं. शिम नसतील तर गाडीच्या मॉडेलच्या मागवा. पॅडचा चेहरा चकाकत असेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने घासा, आता त्याचा उपयोग आहे. पिना साफ केल्यावर पिस्टनही हाताच्या क्लॅम्पने सहज मागे जातो का बघा. तिथेही अडकत असेल तर कॅलिपरचं सील किट आलं, आणि ते काम घरी करायचं नाही.

बसवून झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, 50-60 च्या वेगातून 15-20 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा गाडी हळू करा. पूर्ण थांबवायची नाही आणि मधे थोडं अंतर साधं चालवून डिस्क निवू द्यायची. रेणापूरच्या पुढे सकाळी लवकर हे सहज जमेल. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळा.

एवढं करूनही "चीं" राहिली तर पॅडच्या मसाल्याकडे बघावं लागेल. बाजारातले काही पॅड कडक असतात, लोखंडाचा अंश जास्त, ते टिकतात पण ओरडतात. पॅडच्या दोन्ही टोकांची कड कानसीने थोडी तिरकी करून बघा. तरीही नाही गेली तर कंपनीचे पॅड टाका, छोट्या गाडीला जोडी हजार-दोन हजारांच्या आसपास येते, डिस्क त्यापेक्षा बरीच महाग. ब्रेक एरवी बरोबर असतील, दोन्ही पॅड सारखे झिजत असतील, दोन्ही चाकं सारखी तापत असतील आणि फक्त गल्लीत रिव्हर्स घेताना शेवटच्या फुटात चिरकत असेल, तर मी त्यावर गिऱ्हाइकाचे पैसे खर्च करत नाही. तुमच्या रस्त्याला मात्र पिनांची सफाई वर्षातून दोनदा धरा, एकदा पावसाळा सरल्यावर आणि एकदा साखर कारखाने बंद झाल्यावर.